आई, रात्रीचा मास्क काढू नकोस

लेस्टर (इंग्लंड), मे महिना

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बायपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून हवा आत ढकलून श्वासाला मदत करणारं मशीन, घरी आल्याचं दादाने फोनवर सांगितलं, बरं वाटलं. पण तू तासाभरात मास्क काढून उशाशी ठेवतेस आणि नुसती ऑक्सिजनची नळी लावून झोपतेस, हे मला अजिबात पटलं नाही. शेजारच्या काकू म्हणतात, मशीनची सवय लागते. तसं काही नसतं गं. तुझ्या छातीला जोर कमी पडतो, तो मशीन पुरवतं.

काटोलला असताना किती वर्षं पऱ्हाट्या पेटवून चूल फुंकलीस! बिडीला कधी हात न लावता तुला सीओपीडी, म्हणजे हा फुप्फुसांचा जुनाट आजार झाला, तो त्या धुराने. अशा फुप्फुसांतून हवा पुरती बाहेर पडत नाही. झोपेत श्वास आणखी उथळ होतो आणि कार्बन डायऑक्साइड रक्तात साठतो. सकाळी डोकं ठणकतं, दिवसभर गुंगी असते, ती यानेच. रिपोर्टात त्या कार्बन डायऑक्साइडचा तुझा आकडा 58 आहे. तो असायला हवा 35 ते 45. नळीतल्या ऑक्सिजनने तो उतरत नाही, उलट ऑक्सिजन जास्त झाला तर चढू शकतो. म्हणून दम लागला की दादाने आपल्या मनाने फ्लो वाढवू नये. डॉक्टरांनी बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन 88 ते 92 टक्के ठेवायला सांगितलंय, तेवढंच ठेवा.

2017 साली इथल्या डॉक्टरांचा एक अभ्यास छापून आला. अ‍ॅडमिट होऊन बरे झाल्यावरही ज्यांचा हा आकडा चढलेलाच होता, असे 116 पेशंट. काहींना घरी फक्त ऑक्सिजन, काहींना ऑक्सिजन आणि रात्री मास्क. नुसत्या ऑक्सिजनवाल्यांतल्या निम्म्यांवर 1.4 महिन्यांतच पुन्हा भरती व्हायची, किंवा त्याहून वाईट वेळ आली. मास्कवाल्यांत तीच वेळ 4.3 महिन्यांवर गेली. आमच्या वॉर्डातही मी हा फरक बघते, म्हणून इतकं कळवळून लिहितेय.

जीव घाबरतो म्हणालीस ना? मग आधी दिवसा सवय कर. दुपारी सिरियल बघताना मशीन चालू करून मास्क नुसता हाताने तोंडावर धर, पट्टे नंतर. रात्री आडवी झाल्यावर मास्क जरा उचलून परत नीट बसव. पट्टे करकचून आवळू नकोस, नाकाच्या हाडावर जखम होते. चेहऱ्याला तेल किंवा क्रीम नको, मास्क घसरतो. डोळ्यांत हवा जात असेल तर तो वाकडा बसलाय. आणि मास्कच्या पुढच्या बारीक भोकांतून वारा लागतो म्हणून तिथे पदर मुळीच कोंबू नकोस! तुझा सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो.

दादाला सांग, मशीन इन्व्हर्टरवर जोडून घे. उन्हाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि मशीन बंद पडलं तर मास्क लगेच काढायचा. ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे मशीनची हवा ओलसर करणाऱ्या डब्यात, डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं नको.

तिकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे साडेपाच असतात, मी ड्यूटीवरून सुटलेली असते. आज झोपायच्या आधी व्हिडिओ कॉल कर. मास्क कुठून सुटतोय ते मी बघते आणि दादाकडून बसवून घेते.

तुझी,
मनू