वारसा-रक्षणाचे धडे संरक्षण प्रबोधिनीपासूनच हवेत

महोदय,

युद्धकाळात सांस्कृतिक ठेव्याचे रक्षण व्हावे यासाठी हेग येथे १९५४ साली झालेला आंतरराष्ट्रीय करार भारताने १९५८ मध्येच स्वीकारला. त्याचे सातवे कलम सांगते, की सैन्याच्या नियमावलीत तशा तरतुदी शांततेच्या काळातच कराव्यात, सैनिकांत संस्कृतीविषयी आदर रुजवावा आणि या कामाचे जाणकार सैन्यातच तयार करावेत.

शांततेच्या काळातच का, हे इराकमधील बॅबिलोन या प्राचीन नगरीने दाखवून दिले. २००३ मध्ये तेथील अवशेषांवर अमेरिकी फौजांनी तळ उभारला व पुढे तो पोलंडच्या फौजेकडे गेला. खंदक खणले गेले, प्राचीन फरसबंदीवरून अवजड वाहने फिरली आणि खापरांच्या तुकड्यांसकट तेथलीच माती वाळूच्या पोत्यांत भरली गेली. पोती भरणाऱ्या शिपायाच्या मनात काही वाकडे असेल असे वाटत नाही. ती माती म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगितलेच नसावे. पुढे, २००७ मध्ये, वारसास्थळांची माहिती छापलेले पत्त्यांचे जोड अमेरिकी सैनिकांना वाटण्यात आले. कल्पना चांगली, पण वरातीमागून घोडे.

आपल्याकडेही जपणुकीचे आणि नासधुसीचे, असे दोन्ही दाखले आहेत. मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांना धक्का लागू नये असा शिवाजी महाराजांचा दंडक होता, अशी नोंद त्यांचा कडवा टीकाकार, मोगल इतिहासकार खाफीखान यानेच केली आहे. मात्र १७९१ मध्ये मराठी फौजेतील स्वारांनीच कर्नाटकातील शृंगेरीचा शंकराचार्यांचा मठ लुटला, हेही लपवण्याचे कारण नाही. धन्याचा दंडक धन्याबरोबर जातो. तो टिकायचा तर शिकवणुकीतच मुरावा लागतो.

त्यासाठी पुण्याइतके सोयीचे गाव नाही. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, येरवड्याला डेक्कन कॉलेजचा पुरातत्त्व विभाग आहे, आणि २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेला लोहगड दिवसभरात पाहून येण्याजोगा आहे. व्याख्याने देऊन भागणार नाही. छात्रांना पुरातत्त्वज्ञांसह लोहगडावर न्यावे, शेजारच्या विसापूर किल्ल्याचे इंग्रजांनी १८१८ मध्ये उद्ध्वस्त केलेले दरवाजे दाखवावेत, पायथ्याच्या भाजे लेण्यांपाशी थांबावे आणि तेथेच विचारावे : तळ येथे टाकायचा आहे, तर वाहने कोठे उभी कराल, खंदक कोठे खणाल आणि पोत्यांसाठी माती कोठून आणाल? या उत्तरांना परीक्षेत गुणही असावेत, कारण गुण नसलेला विषय छात्र किती मनावर घेतात, हे शिक्षकी पेशात आयुष्य गेल्यामुळे मला चांगले ठाऊक आहे.

— एक निवृत्त शिक्षक, कोथरूड, पुणे