कर्करोगाच्या चाचण्या आणि रुग्णाची संमती

महोदय,

कर्करोगाच्या रुग्णाला नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारले, की ‘आमच्यावर प्रयोग करणार का?’ हा प्रश्न घरातून हमखास येतो. प्रश्न गैर नाही. मात्र चाचणी म्हणजे उपचार थांबवून रुग्णाला साखरेच्या गोळ्यांवर ठेवणे, हा समज चुकीचा आहे. परिणामकारक उपचार उपलब्ध असताना सहसा नव्या औषधाची तुलना त्या उपचाराशीच केली जाते, किंवा ते औषध त्याच्या जोडीला दिले जाते. स्तनाच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेत संपूर्ण स्तन न काढता केवळ गाठ काढून किरणोपचार दिले तरी रुग्ण तितकीच वर्षे जगतात, हे अमेरिकेत १९७६ साली डॉ. बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या चाचणीतून दिसले, आणि तीत सहभागी झालेल्या स्त्रियांमुळे पुढे असंख्य जणींची मोठी शस्त्रक्रिया टळली.

तरीही डॉक्टरांनी एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगायला हवी. पहिल्या टप्प्यातील चाचणीचा मुख्य हेतू औषधाची सुरक्षित मात्रा ठरवणे हा असतो, त्या रुग्णाला बरे करणे हा नव्हे. थकलेल्या, धास्तावलेल्या माणसापुढे अनेक पानांचे संमतीपत्र ठेवून सही घेतली की कर्तव्य संपले, असे मानणे मला तरी पटत नाही. ते पत्र घरी नेऊन वाचण्याची व दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याची मुभा मिळावी. आणि चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते, त्यामुळे नेहमीच्या उपचारांचा हक्क जात नाही, हे रुग्णाला समजेल अशा भाषेत तोंडी सांगितले जावे.

— एक वाचक