फौजीच्या लेकराचा वाढदिवस आणि पेपरातला चौकोन

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्राला कारण असं की 2 जुलै 2025 ला मी आमच्या नातीचा फोटो घेऊन एका पेपरच्या ऑफिसात गेले होते (तुमच्या नाही, दुसऱ्या, नाव कशाला घ्यायचं), ते लेकरांच्या वाढदिवसाचे छोटे छोटे चौकोनी फोटो छापतात ना, त्याच्यासाठी. काउंटरवरच्या पोरानं विचारलं काकू, लेकरू राहतं कुठं. म्हणलं कालच जर्मनीला पोचलंय, त्याच्या आधी टेक्सासला होतं. तो म्हणला मग नाही जमणार, जिल्ह्यातलंच घेतोत आम्ही, लेकराचं इथल्या पत्त्याचं आधार लागतंय. आता बघा, आधीचं घर सोडलेलं, नवीन अजून मिळालेलं नाही, सामान जहाजावर, म्हणजे त्या पाच वर्षांच्या पोरीला त्या दिवशी जगात कुठलाच पत्ता नव्हता, मी कुठला देऊ? गुमान परत आले. येताना स्टॉलवरून तोच पेपर घेतला तर पहिल्या पानावर अर्धं पान एका साहेबांच्या वाढदिवसाची जाहिरात, खाली शुभेच्छुकांची डोकी मोजता येईनात, आणि ते साहेब बी राहतात मुंबईलाच म्हणा.

असो, रागानं लिहीत नाही. थोडंसं रागानंच लिहायलेय.

आधी ओळख सांगते. आमचे हे फौजेत होते, ईएमई मधे (फौजेच्या गाड्या, यंत्रं दुरुस्त करणारी शाखा), 28 वर्षं नोकरी करून सुभेदार म्हणून रिटायर झाले, आता परभणीत घर आहे. लेक अमेरिकेत शिकायला गेली, तिथंच लातूरकडच्या एका पोराशी लग्न झालं आणि तो पोरगा ग्रीन कार्डावर अमेरिकेच्या आर्मीत भरती झाला. हो, होता येतं. शिपाई म्हणून ग्रीन कार्डवाला चालतो, ऑफिसर व्हायचं तर नागरिक असावं लागतं. आणि नोकरी केली की नागरिकत्व लवकर मिळतं, तसं त्याला मिळालं, तो आता स्टाफ सार्जंट आहे. हे जेव्हा घरी कळलं तेव्हा आमचे सुभेदार साहेब पंधरा दिवस जावयाशी बोलले नाहीत, दुसऱ्याच्या फौजेत भरती म्हणजे काय, असं. सोळाव्या दिवशी व्हिडिओ कॉलवर एकदम विचारलं, मेसमधे जेवायला काय देतात? तेव्हापासून दोघांचं असं जमलंय की आम्ही मायलेकी बाजूलाच राहतोत.

तर नात जन्मली 1 जुलै 2020 ला, त्या दिवशी आषाढी एकादशी. तुम्हाला आठवत असल कोरोनात वारी बंद, पादुका एसटीनं पंढरपूरला नेल्या, तो दिवस. टेक्सासला फोर्ट हूड म्हणून मोठी छावणी आहे तिथं हे लोक राहायचे. 2023 मधे तिचं नाव फोर्ट कव्हाझोस केलं आणि 2025 मधे परत फोर्ट हूड. औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावं बदलताना बघितलेल्या माणसाला त्याचं काय नवल, पण आमचे हे कागदावर कुठलं नाव लिहायचं म्हणून दोनदा फोन करून विचारत होते.

यंदा जावयाची बदली जर्मनीला आली, बव्हेरियात ग्राफेनव्होर म्हणून ठिकाण आहे तिथं. तिकडं बदलीला पीसीएस म्हणतात, आपण पोस्टिंग म्हणतो, नाव वेगळं पण हाल तेच. फॅमिली सोबत न्यायची तर आधी सगळ्यांचं मेडिकल, एवढ्याशा पोरीचं सुद्धा, मग सरकारी कामाचा वेगळा पासपोर्ट, किती वजन न्यायचं ते रँकप्रमाणं ठरलेलं, एक गाडी सरकारी खर्चानं जहाजावर चढवून देतात. थोडं गरजेचं सामान आधी पाठवतात आणि बाकीचा सगळा संसार मागून समुद्रानं, त्याला दोन दोन महिने लागतात. आणि बहुतेकांच्या बदल्या शाळेच्या सुट्टीत, मे ते ऑगस्ट. म्हणजे ज्या फौजी लेकराचा जन्म ह्या चार महिन्यांतला त्याचा वाढदिवस खोक्यातच.

सामान बांधायला कंपनीची माणसं येतात म्हणे, तुम्ही हात लावायचा नाही. आणि ते लोक इतके झपाट्यानं बांधतात की कचऱ्याची बादली कचऱ्यासकट कागदात गुंडाळून पॅक केली. हे खोटं वाटंल पण तिथल्या प्रत्येक फौजी घरात हा किस्सा आहे म्हणते लेक. त्याच झपाट्यात मी दिलेलं चांदीचं निरंजन, ओवाळायचं ताट, दोन्ही गेले जहाजावर. प्रत्येक खोक्याला नंबराचं स्टिकर लावतात, यादीत लिहितात. आमच्या नातीनं काय केलं, ती त्या माणसापुढं जाऊन उभी राहिली आणि मला पण नंबर लाव म्हणली. तिला वाटलं नंबर नसला तर आपण इथंच राहू. त्यानं हसत हसत एक स्टिकर तिच्या फ्रॉकला लावलं, तीन दिवस तो फ्रॉक अंगातून काढू दिला नाही.

तेव्हा लेकीनं मला फोन केला. आई, वाढदिवस ऑगस्टमधे करते, सामान लागलं की, घर मिळालं की नीट करू.

आणि तिथं माझं डोकं फिरलं.

कारण हेच वाक्य मी बोलले होते 1991 ला. बेळगावहून बेंगडुबीला पोस्टिंग, तिकडं बंगालात सिलिगुडीजवळ, मुलगा तीन वर्षांचा व्हायचा होता. हे पुढं गेले, मी दोन पेट्या आणि लेकरू घेऊन मागून. क्वार्टर मिळेना, बाहेर एक खोली भाड्यानं घेतली, पाऊस असा की कपडे आठ आठ दिवस वाळत नव्हते. म्हणलं सामान लागू दे, मग करू. क्वार्टर मिळालं तर ह्यांना युनिटनं बाहेर पाठवलं, हे आले तर लेकरू तापीनं पडलं, असं करता करता दिवाळी आली आणि गेली. त्याचा तिसरा वाढदिवस झालाच नाही. पोरगा आता 37 वर्षांचा आहे, पुण्यात नोकरीला, आणि घरात पाहुणे जमले की तो हटकून सांगणार, मी दोनाचा डायरेक्ट चारचा झालो, तीनचा कधी नव्हतोच. सगळे हसतात. मी बी हसते. पण फोटोच्या अल्बममधे दुसऱ्या वाढदिवसानंतर एकदम चौथा आहे ते मला दिसतंच ना.

म्हणून 1998 ला मी ती चूक केली नाही. ह्यांची बदली जालंधरला, नांदेडहून सचखंड एक्सप्रेसनं निघालो, लेक त्या दिवशी चार वर्षांची. आमची ती काळी ट्रंक, त्याच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर, रँक, नाव, आणि खाली 1/9, म्हणजे नऊ नगांतला पहिला. ही पेटी कधी ब्रेकला, म्हणजे रेल्वेच्या सामानाच्या डब्यात, द्यायची नाही, सीटखालीच ठेवायची, असा माझा कायदा. त्यात स्टो, काडेपेटी, एक पातेलं, लेकरांचे कपडे, हळदी-कुंकवाची डबी, निरंजन. गाडीत दिवा लावायला ह्यांनी साफ नाही म्हणलं आणि ते बरोबरच होतं, मग मी वात नुसती तुपात भिजवून न पेटवताच ओवाळलं. पारले-जीचा डोंगर केला. औरंगाबादला लंगर आलं, त्या गाडीत फुकट लंगर असतं हे आपल्याकडं सगळ्यांना माहितंय, कढी-चावल होतं, आणि नांदेडचं दर्शन करून चाललेल्या एका सरदारणीनं डब्यातला कडा प्रसाद काढून पोरीच्या दोन्ही हातावर एवढा ठेवला की तो कोपरापर्यंत ओघळला. तुपकट हातानं तिनं माझी साडी धरली, तो डाग काही गेला नाही. साडी आहे अजून. ट्रंक बी आहे, तिच्यावर नायक, हवालदार, नायब सुभेदार असे एकावर एक रंगवलेले रँक उन्हात बघितलं तर खालून दिसतात, आता तिच्यात गोधड्या ठेवलेत.

तर लेकीला म्हणलं, तुझा रेल्वेत झाला, हिचा विमानात कर, पण तारीख चुकवू नको. आणि तारखेला जमलं नाही तर आपल्याकडं तिथी आहे, यंदा आषाढी 6 जुलैला आहे. देवानं आपल्याला वर्षातून दोन वाढदिवस दिलेत ते कशाला.

30 जूनच्या संध्याकाळी बाल्टिमोरहून त्यांचं विमान. पॅट्रियट एक्सप्रेस म्हणतात त्याला, फौजेनं भाड्यानं घेतलेलं साधंच प्रवासी विमान असतं, जर्मनीत रामस्टाइनला उतरवतं. तारीख बदलली ती समुद्रावरच. टेक्सास आणि जर्मनीत 7 तासांचा फरक, आमचे हे भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत हिशोब करत बसले, म्हणले पोरीच्या वाढदिवसातले 7 तास पाण्यात गेले. लेकीनं हँडबॅगमधे काय ठेवलं होतं, कुंकवाची डबी, एक सुपारी, आणि सुशीला (आपला मुरमुऱ्याचा नाश्ता) करायला म्हणून घेतलेल्या मुरमुऱ्याची पिशवी. अक्षता म्हणून मुरमुरेच टाकले. सुपारी आणि बोटातली अंगठी घेऊन ओवाळलं. पुढच्या मागच्या सीटवर सगळी बदलीवालीच माणसं, एका बाईनं विचारलं हे काय करताय, लेकीनं सांगितलं, मग काय, चार रांगांतली लेकरं गाणं म्हणायला लागली आणि मुरमुरे पण त्यांनीच खाल्ले. उतरल्यावर बसनं अजून चार-पाच तास, पोरगी पूर्ण रस्ताभर झोपली, कपाळावरचं कुंकू खिडकीच्या काचेला लागलेलं.

6 तारखेला एकादशी. छावणीतल्या हॉटेलात एक खोली, छोटी शेगडी. लेकीनं भगर आणि शेंगदाण्याची आमटी केली, आणि पोरीला केक पाहिजे होता तर मला विचारलं आई, एकादशीला अंड्याचा केक कसा आणू? म्हणलं लेकराला कसली एकादशी, आण. कणकेचा दिवा केला पण खोलीत धुराचा अलार्म, काडी ओढली की सगळं हॉटेल बाहेर निघायचं, मग पार्किंगमधे नेऊन लावला. वाऱ्यानं दोनदा विझला, तिसऱ्यांदा जावईबापूंनी आपली ती फौजी टोपी आडवी धरली. काउंटरवरची जर्मन बाई बघायला आली, तिला लेक म्हणली मी आधी टेक्सासलाच आठ दिवस अगोदर करणार होते, तर ती बाई दचकलीच, त्यांच्यात वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं अपशकुन समजतात. मागाहून चालतंय, आधी नाही. हे ऐकून मला ती बाई फार आवडली.

अजून एक, आमच्या मिक्सरची गंमत. मी परभणीहून दिलेला मिक्सर टेक्सासला ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय चालत नव्हता, तिकडं 120 व्होल्ट. जर्मनीत वीज आपल्यासारखीच 230, पिनेला अडॅप्टर लावलं की झालं. म्हणजे सामान आलं की सगळ्यात आधी घरी आल्यासारखं वाटणार ते त्या मिक्सरला.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईनं सगळा संसार सांगितला. आमच्या गल्लीतच दोन घरचे जवान आहेत, एक आसामात, एक जम्मूकडं, त्यांची लेकरं पण अशीच कधी इथं आजीपाशी, कधी तिकडं. आपल्या फौजेत परदेशी पोस्टिंग मोजक्यांनाच, आणि यूएनच्या मिशनवर तुकडीसोबत जो जातो त्याला तर फॅमिली नेताच येत नाही, लेकराचा वाढदिवस फोनवरच. आपल्या चौकाचौकात फ्लेक्स लागतात, हायकोर्टानं किती वेळा झापलं तरी लागतात, त्यात ह्या लेकरांचं तोंड कधी दिसत नाही आणि दिसावं असं बी माझं म्हणणं नाही. पण पेपरातल्या त्या चौकोनाला लेकराचा इथला पत्ता मागू नका. आजी-आजोबांचा पत्ता चालवा. बापाच्या नोकरीचा एखादा कागद बघा पाहिजे तर, पण तो कुठं पोस्टिंगला आहे ते छापू नका, फक्त लेकराचं नाव आणि गाव टाका, गाव म्हणजे जिथून माणूस निघाला ते.

आणि फोटो उशिरा आला तरी घ्या. फौजीच्या घरचं टपाल कधी वेळेवर आलंय.

कळावे,
एका सुभेदाराची बायको, परभणी

ता.क. फोटो सोबत जोडलाय. पार्किंगमधला आहे, मागं जावयाची टोपी अर्धी दिसते ती कापली तरी चालंल. फ्रॉकवर डाव्या बाजूला पांढरं काहीतरी दिसंल, तो छपाईचा दोष नाही, ते खोक्याचं स्टिकर आहे, ते मात्र कापू नका.