लायब्ररीतल्या मॅडमना, संदर्भसूचीसाठी थँक्यू

मॅडम,

नाव टाकलं तर तुम्ही रागवाल म्हणून नुसतं मॅडम. थिसिस एकदाचा सबमिट झाला, ऋणनिर्देशात तुम्ही आहातच, पण ते एका ओळीत उरकण्यातलं काम नव्हतं म्हणून हे.

एकोणिसाव्या शतकातली मराठी मासिकं हा विषय घेतला तेव्हा जुने अंक मिळतील का याचंच टेन्शन होतं, मिळालेल्या अंकांचा संदर्भ लिहिताना घाम फुटेल हे कुणी सांगितलंच नव्हतं. संदर्भ कसे लिहायचे ते सांगणाऱ्या एपीए स्टाईलच्या पुस्तकात शके १८०५ छापलेल्या अंकाचं काय करायचं ते कुठे असणार! डिपार्टमेंटमध्ये सगळे म्हणायचे इंग्रजी साल काढायला ७८ मिळव आणि मोकळी हो. तुम्ही अंक हातात घेऊन आधी महिना बघितलात, माघ निघाला, म्हणालात शके बदलतं चैत्रात आणि माघापर्यंत इंग्रजी साल पुढे गेलेलं असतं, तेव्हा इथे ७९, म्हणजे १८८४. एका वर्षाने असं काय बिघडतं, असं मी विचारलं तर "जो उद्या हा अंक शोधायला येईल त्याचं बिघडतं" एवढंच बोलून परत दाखल रजिस्टरात डोकं घातलंत.

तेव्हापासून संदर्भसूचीकडे बघायची माझी नजरच बदलली. कॉमा कुठे, इटॅलिक कशाला, हे सगळं नंतर, आधी पुढच्याला ती वस्तू सापडली पाहिजे. म्हणूनच एपीएच्या सातव्या आवृत्तीने २०१९ साली प्रकाशनाचं गाव काढून टाकलं तरी आपल्या टिपणात गाव आणि छापखाना लिहून ठेवायचाच हा तुमचा हट्ट आता मीही करते, कारण जुन्या पुस्तकांचा माग लागतो तो बरेचदा छापखान्यावरूनच. टोपणनावांचंही तसंच. कविता कुसुमाग्रजांच्या नावावर, नाटकं वि. वा. शिरवाडकरांच्या, माणूस एकच, पण पुस्तकावर जे छापलंय तेच नाव द्यायचं आणि हवं तर दुसऱ्या नावापाशी 'पाहा' म्हणून सांगायचं. साधंच आहे, पण कुणीतरी सांगावं लागतं.

आणि तो ळ! यादी कॉम्प्युटरवर सॉर्ट केली तर काळे वर आणि कावळे खाली. मला वाटलं फाईल करप्ट झाली. तुम्ही हसून सांगितलंत की कॉम्प्युटरच्या अक्षरक्रमात, म्हणजे युनिकोडमध्ये, ळ बसवलाय ल आणि व यांच्या मधे, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो, त्यामुळे मराठी यादी शेवटी डोळ्यांनीच तपासायची. मग आपण दोघी स्क्रीनसमोर बसून बोट ठेवून ठेवून नावं खालीवर करत होतो, जेवणाची सुट्टी त्यातच गेली तुमची.

झोटेरो हे संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर मला बसवून दिलंत ते वेगळंच. फुकट आहे, इंग्रजी पेपराचा डीओआय, म्हणजे ओळख-क्रमांक, टाकला की नोंद बहुतेक वेळा आपोआप तयार. मराठी नोंदी मात्र हातानेच भरल्या, आणि लेखक जास्त असले की येणाऱ्या 'एट अल'चं 'व इतर'सुद्धा हातानेच केलं. उचलेगिरी तपासणाऱ्या प्लेजरिझम रिपोर्टात सूचीच्या ओळी लाल दिसल्या तेव्हा माझं धाबं दणाणलेलं, तर तुम्ही यूजीसीचे २०१८चे नियम उघडून दाखवलेत की संदर्भसूची त्या मोजणीत धरतच नाहीत. त्या रात्री शांत झोप लागली.

एकच गोष्ट जड गेली, ती म्हणजे शोधगंगा या थिसिसच्या ऑनलाइन संग्रहातल्या दुसऱ्याच्या थिसिसमधलं अवतरण उचलायचं असेल तर मूळ अंक बघून ये, नाही मिळाला तर 'उद्धृत' असं सरळ लिही. यासाठी तुम्ही मला दुसऱ्या गावच्या ग्रंथालयाला पत्र देऊन पिटाळलंत, तेव्हा मनातल्या मनात बरंच बोलले तुम्हाला. मूळ अंकात त्या अवतरणाचं पुढचं वाक्य नेमकं उलट निघालं आणि माझं अख्खं तिसरं प्रकरण त्यावर उभं राहिलं.

पुढच्या आठवड्यात माझी एक ज्युनियर येईल तुमच्याकडे. तिचे सगळे संदर्भ म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचे पानांचे फोटो आहेत, पुस्तकाचं नाव एकावरही नाही. जरा सांभाळून घ्या तिला.