नक्कल सुरू होण्याआधी

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

भ्रूणातल्या मूलपेशी (ज्यांच्यापासून पुढे शरीरातल्या सगळ्या पेशी घडतात) इतक्या भराभर विभागतात, मग डीएनएची नक्कल अर्धवट कशी राहत नाही, हा तुझा प्रश्न मला फार आवडला. फोनवर उरकण्यासारखा नव्हता, म्हणून लिहिते.

पुस्तकातली एकाच बुडबुड्याची (नक्कल सुरू होताना डीएनएचे धागे सुटून होणाऱ्या फटीची) आकृती जिवाणूची आहे. आपल्या पेशीत नक्कल हजारो ठिकाणांहून सुरू होते. गणित करून बघ: पहिल्या गुणसूत्रात सुमारे 25 कोटी बेस-जोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या), आणि नक्कल पुढे सरकते मिनिटाला दीड-दोन हजारांच्या वेगाने. मधोमध एकच आरंभस्थान असतं, तर महिना उलटून गेला असता!

खरी तयारी होते जी-1 अवस्थेत, म्हणजे पेशीचक्रात नक्कल सुरू होण्याआधीच्या टप्प्यात. ओआरसी हे प्रथिन-संकुल डीएनएवर बसतं आणि सीडीसी-6, सीडीटी-1 या प्रथिनांच्या मदतीने एमसीएमची कडी, म्हणजे पुढे धागे सोडवणारं यंत्र, चढवतं. सहा प्रथिनांची एक कडी, अशा दोन, तोंडाला तोंड लावून. धागे मात्र अजून उलगडलेले नसतात. एस अवस्थेत, म्हणजे प्रत्यक्ष नकलेच्या टप्प्यात, सीडीसी-45 आणि जिन्स (GINS) ही आणखी प्रथिनं येऊन जोडली जातात, तेव्हा कुठे कडी धागे सोडवू लागते. मग नवी कडी चढवायला बंदी; जेमिनिन नावाचं प्रथिन सीडीटी-1ला अडवून धरतं, म्हणजे एकच भाग दोनदा उतरवला जात नाही. जी-1मध्ये राहिलं ते राहिलं.

आणि मानवी भ्रूणीय मूलपेशींची जी-1 जेमतेम अडीच-तीन तासांची! (तूही पोटात पाच दिवसांचा भ्रूण असताना अशाच पेशी बाळगून होतीस, हे मनात आल्यावाचून राहत नाही.) नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात जीन कुक यांच्या प्रयोगशाळेने 2017मध्ये दाखवलं, की या पेशी कडी चढवण्याचं काम फार वेगाने करतात. त्यांच्यात सीडीटी-1 भरपूर असतं. विशिष्ट ऊतीकडे वळू लागल्या की हा वेग मंदावतो. उलट, मुद्दाम तो मंद केला तर पेशी लवकर वळू लागतात. मला यातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं.

शिवाय या पेशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त कडी चढवून ठेवतात. बरीच आरंभस्थानं निद्रिस्तच राहतात. शेजारची नक्कल अडली तरच जागी होतात.

सेमिनारला ही जोडकडी फळ्यावर स्वतः काढ, तयार चित्र लावू नकोस. आणि जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई