गोल मारणाऱ्याचं नाव छापता, बॅकवाल्याचं कधी?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या क्रीडा पानावर हॉकीच्या बातम्या येतात त्याबद्दल आधी आभार, क्रिकेटच्या गर्दीत तेवढी जागा मिळते हेच खूप. पण एक तक्रार आहे आणि ती जुनी आहे. मॅच कुठलीही असो बातमीत नावं फक्त गोल मारणाऱ्यांची. ३-१ ने जिंकले, अमक्याने दोन मारले तमक्याने एक, संपली बातमी. समोरच्यांना एकच गोल का करता आला, बाकीचे कोणी अडवले, ह्याचा पत्ताच नाही. फार तर गोलकीपरचं नाव येतं, ते पण पेनल्टी स्ट्रोक अडवला असेल तर. आणि मध्ये एकदा बाहेरच्या खेळांच्या कोपऱ्यात आइस हॉकीच्या एका डिफेन्समनबद्दल (म्हणजे आपल्याकडचा बॅक, मागे राहून अडवणारा) चार ओळी आल्या होत्या त्यात गोल मात्र कमीच केले असं काहीतरी होतं, ते वाचून डोकं सटकलं म्हणून हे पत्र. लांब झालंय, कापायचं असेल तर माझी बडबड कापा, आकडे कापू नका.

मी कॉलेजात आणि पुढे ऑफिसच्या टीममधून लेफ्ट बॅक खेळलोय, इथेच ग्वाल्हेरात. आइस हॉकीचा नाद लावला भाच्याने, तो डेट्रॉईटजवळ राहतो. तिकडची संध्याकाळची मॅच आपल्याकडे पहाटे लागते, मला तसंही उठायचंच असतं, चहा घेऊन मोबाईल समोर ठेवतो. सुरुवातीला पक दिसतच नाही हो, इंचभर जाडीची आणि तीन इंच रुंद रबराची चकती, उसळू नये म्हणून मॅचआधी फ्रीझरमध्ये गोठवतात तिला, ती बर्फावर कुठल्या कुठे जाते. म्हणून मी पकचा नाद सोडला आणि सवयीने मागच्या दोघांकडे बघायला लागलो, आणि मग खेळ कळला.

ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बर्फावर एका बाजूचे सहा जण, त्यात एक गोली, तीन फॉरवर्ड आणि दोन डिफेन्समन. डिफेन्समन एकूण सहा असतात, तीन जोड्या, पाऊण-एक मिनिट खेळून धापा टाकत बाकावर येतात की दुसरी जोडी उडी मारून आत, खेळ चालूच असतो. आणि ह्यांचं अर्धं काम उलटं पळत करायचं असतं. समोरून माणूस पूर्ण स्पीडने येतोय आणि तुम्ही पाठ गोलीकडे करून मागे मागे स्केटिंग करताय, तेही त्याच्याच स्पीडने, अंतर फार ठेवलं तर तो आरामात शॉट मारणार, कमी ठेवलं तर बाजूने निघून जाणार. समोर दोघं आणि मागे तुम्ही एकटेच राहिलात तर अजून मजा. नवशिका काय करतो, पकवाल्यावर धावून जातो. मुरलेला माणूस काठी बर्फावर आडवी ठेवून पासची वाट बंद करतो आणि शॉट गोलीवर सोडतो, म्हणजे दोघांतल्या एकाला त्याने न शिवता गेममधून काढून टाकलेलं असतं. टीव्हीवर हे काहीच झालं नाही असं दिसतं, पक गोलीच्या पॅडला लागतो आणि कॉमेंट्रीवाला गोलीचं कौतुक करतो.

ह्या कामात सगळ्यात मोठं नाव माझ्या मते निकलस लिडस्ट्रॉम, स्वीडनचा. १९८९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे तिकडच्या लीगचे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, डेट्रॉईट रेड विंग्सने त्याला घेतला तो थेट तिसऱ्या फेरीत, ५३ व्या नंबरवर. १९९१ ला खेळायला लागला तो २०१२ पर्यंत, २० सीझन, सगळे एकाच क्लबकडून, १५६४ मॅच. आणि त्या वीसच्या वीस वर्षांत टीम प्लेऑफला, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेऱ्यांना गेली, एकदाही बाहेर नाही बसली. स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, चार वेळा, १९९७, १९९८, २००२ आणि २००८. गोल? २६४. म्हणजे सहा मॅचमध्ये एक. तुमच्या त्या चार ओळींच्या हिशेबाने तर हा कामातून गेलेला माणूस!

आता दुसरा आकडा बघा. तिकडे प्लस-मायनस म्हणून हिशेब असतो. तुम्ही बर्फावर असताना आपल्या टीमने गोल केला तर प्लस एक, खाल्ला तर मायनस एक, पॉवर प्लेवर (समोरचा एक जण शिक्षा म्हणून बाहेर असताना) केलेले गोल धरत नाहीत. लिडस्ट्रॉमचा करिअरचा हिशेब प्लस ४५०. आणि हे समोरच्याची सगळ्यात भारी लाईन (तीन फॉरवर्डचं त्रिकूट) वर्षानुवर्षं त्याच्याच समोर सोडलेली असताना. पेनल्टी (चुकीची शिक्षा म्हणून बाहेर बसायचं) किती तर एवढ्या १५६४ मॅचमध्ये मिळून ५१४ मिनिटं, मॅचमागे वीस सेकंद पण होत नाहीत. धक्काबुक्की, ठोसे, दात पाडणं ह्यासाठी हा खेळ प्रसिद्ध, आणि त्यातला सगळ्यात भारी डिफेन्समन असा की कोणाला धड धक्का पण मारत नाही, नुसता काठीच्या टोकाने पक काढून घेतो आणि पहिला पास एवढा स्वच्छ देतो की फॉरवर्डला थांबावं लागत नाही. टीममधले त्याला परफेक्ट ह्युमन म्हणायचे ते काही उगीच नाही.

पण ह्याला सुद्धा किती वाट बघायला लागली ते सांगतो. सगळ्यात चांगल्या डिफेन्समनला नॉरिस ट्रॉफी देतात. १९९८, १९९९, २००० अशी लागोपाठ तीन वर्षं तो दुसरा आला. पहिली मिळाली २००१ ला, वयाच्या ३१ व्या वर्षी, जेव्हा फॉरवर्ड लोकांची उतरती सुरू झालेली असते. आणि मग ज्या मिळत गेल्या त्या सात, शेवटची २०११ ला ४१ व्या वर्षी. गंमत म्हणजे २०१०-११ हाच त्याचा एकमेव मायनस सीझन, मायनस दोन, आणि त्याच वर्षी ट्रॉफी! म्हणून सांगतो प्लस-मायनसवर पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका, तो पण अख्ख्या टीमचा हिशेब आहे, खराब जोडीदार मिळाला की चांगला माणूस पण खाली जातो. बघावं लागतं. रिपोर्टरने मैदानावर उभं राहून बघावं लागतं.

आणि गोल करायचीच वेळ आली तर तो करायचा. २००२ च्या प्लेऑफमध्ये डेट्रॉईट पहिल्याच राऊंडला व्हँकुव्हरकडून घरच्या दोन्ही मॅच हरले होते. तिसऱ्या मॅचला १-१ असताना, दुसरा पिरियड (मॅचचे असे तीन भाग असतात) संपायला अर्धं मिनिट पण नव्हतं, ह्याने सेंटर लाइनवरून सरळ मारला आणि गोलीच्या बाजूने आत गेला. तिथून डेट्रॉईट लागोपाठ चार मॅच घेऊन तो राऊंड जिंकले आणि पुढे कप पण जिंकला, प्लेऑफचा बेस्ट प्लेयर म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफी लिडस्ट्रॉमला, युरोपातल्या माणसाला पहिल्यांदाच. २००६ च्या ट्युरिन ऑलिम्पिकच्या फायनलला स्वीडन-फिनलंड २-२, तिसरा पिरियड सुरू होऊन दहा सेकंद झाले होते, विनिंग गोल ह्याचाच.

लिडस्ट्रॉमला घेतला त्याच १९८९ च्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉईटने अजून एक डिफेन्समन घेतला होता, व्लादिमीर कॉन्स्टन्टिनोव्ह, तब्बल २२१ व्या नंबरवर. हा अगदी उलट, अंगावर जाणारा, समोरच्याला चिडवून चिडवून पेनल्टी घ्यायला लावणारा. ४२ वर्षांनी डेट्रॉईटला कप मिळाला जून १९९७ मध्ये, त्या वर्षी नॉरिसच्या मतांत हा दुसरा होता, आणि कप जिंकून आठवडा पण नव्हता झाला तर पार्टीहून परतताना लिमोझीनला अपघात, डोक्याला मार, करिअर तिथेच संपलं. पुढच्या वर्षी परत जिंकले तेव्हा त्याला व्हीलचेअरवरून बर्फावर आणलं आणि कप त्याच्या मांडीवर ठेवला. तो व्हिडिओ भाच्याने पाठवला होता, मी पूर्ण बघू नाही शकलो. सहा वर्षांचं करिअर, ४४६ मॅच. आकड्यांच्या वहीत हा माणूस सापडणार पण नाही तुम्हाला.

कोणी म्हणेल बॉबी ऑरचं काय. बरोबर, ऑर वेगळाच होता, बोस्टनचा. डिफेन्समन असून दोनदा अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून), १९७० आणि १९७५ ला, दुसऱ्या कुठल्या डिफेन्समनला हे आजवर जमलेलं नाही. आठ नॉरिस लागोपाठ. ६५७ मॅचमध्ये २७० गोल, म्हणजे लिडस्ट्रॉमपेक्षा जास्त आणि ते पण निम्म्याहून कमी मॅचमध्ये. पण गुडघे गेले, ऑपरेशनवर ऑपरेशन, आणि तिशीतच रिटायर. माझं म्हणणं एवढंच की ऑरचं नाव सगळ्यांना माहीत आहे ते तो पुढे जायचा म्हणून. जो मागेच राहिला त्याला शोधावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल ग्वाल्हेरला बर्फ कुठे आहे. नाही ना, आपल्याकडे आइस हॉकी म्हणजे लडाख, तिथल्याच पोरी बहुतेक, २०२५ ला आशिया कपमध्ये ब्रॉन्झ घेऊन आल्या, त्यांची बातमी किती पेपरांत आली ते सोडा. पण हॉकी तर आपली आहे! हे रूपसिंगांचं गाव आहे. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला अमेरिकेला २४-१ हरवलं त्यात दहा गोल रूपसिंगांचे, गावातलं शेंबडं पोर पण सांगेल, स्टेडियमला नाव आहे त्यांचं (ते क्रिकेटचंच झालं, सचिनने २०० तिथेच मारले, ही गोष्ट वेगळी). पण त्या टीमचे बॅक कोण होते विचारा. टॅप्सेल आणि हॅमंड. महाराज बाड्यावर उभं राहून दिवसभर विचारा, एक जण सांगणार नाही.

आत्ताचंच घ्या. पॅरिस २०२४, ब्रिटनविरुद्ध क्वार्टर फायनल, अमित रोहिदासला १७ व्या मिनिटाला रेड कार्ड, उरलेली अख्खी मॅच दहा जण खेळले, १-१ ठेवली आणि शूटआऊटमध्ये जिंकले. गोलकीपर श्रीजेशचा जयजयकार झाला, व्हायलाच पाहिजे होता. हरमनप्रीतचं नाव आलं कारण गोल त्याचा होता, तो बॅक आहे पण छापून येतो तो ड्रॅग फ्लिकमुळे (पेनल्टी कॉर्नरवर काठीने ओढून मारलेला शॉट), दहा गोल होते त्याचे त्या ऑलिम्पिकमध्ये. मग जरमनप्रीत, सुमित, संजय ह्यांनी तेवढा वेळ एक माणूस कमी असताना काय काय अडवलं त्यावर कोणी दोन ओळी लिहिल्या? मला तरी दिसल्या नाहीत. बॅकचं म्हणजे लग्नातल्या आचाऱ्यासारखं आहे, भाजीत मीठ कमी पडलं तरच त्याची चौकशी होते.

आणि ह्याचा परिणाम काय होतो ते बघायचं असेल तर संध्याकाळी कंपूच्या मैदानावर या. २००६ पासून इथे राज्याची मुलींची हॉकी अकॅडमी आहे, कुठून कुठून पोरी येतात. मी जाळीबाहेर उभा राहून बघतो कधी कधी. एक बॅक आहे, असेल सोळा-सतराची. फॉरवर्ड अंगावर येते तशी ही घुसत नाही, दोन पावलं मागे सरकते, डाव्या हाताने काठी टर्फला लावून नुसतं टोचल्यासारखं करते आणि ओढून घेते, समोरची फसते, बॉल पायापासून हातभर लांब जातो, तेवढ्यात ही तिला साइडलाइनकडे रेटत नेते आणि बॉल बाहेर. कोच म्हणतात, 'शाबाश, ऐसे ही, घुसना नहीं'. बास. टाळी नाही काही नाही. पलीकडे एकीने रिकाम्या गोलमध्ये मारला तर बघायला आलेले पालक ओरडतायत. एक काका मला म्हणाले की आमच्या मुलीला सरांनी मागे टाकलंय, जरा सांगून पुढे घ्यायला लावता येईल का, मागे राहून कोण विचारणार तिला. मी त्यांना लिडस्ट्रॉम समजवायला गेलो, त्यांनी घड्याळात बघितलं.

तर साहेब मागणी फार मोठी नाही. लोकल टूर्नामेंटची बातमी छापाल तेव्हा दोन्ही बॅकची नावं द्या. शेवटच्या दहा मिनिटांत लीड टिकवली असेल तर कोणी टिकवली ते एका ओळीत लिहा. पेनल्टी कॉर्नर किती मिळाले हे छापता तर किती अडवले आणि पहिली कोण धावली, फर्स्ट रशर कोण होती, ते पण छापा, बॉल सरळ गुडघ्यावर येतो हो त्यांच्या. आणि कुठल्याही खेळातला डिफेंडर रिटायर झाला की गोल मोजू नका, किती वर्षं, किती मॅच, समोर कोणाकोणाला उभं केलं ते विचारा. तुमच्या रिपोर्टरला पूर्ण मॅच थांबायला वेळ नसतो हे मला माहीत आहे, हाफटाइमला फोटो काढून जातात. मी असतोच तिथे, कोणी काय अडवलं ते वहीत लिहून फोटो व्हॉट्सॲप करत जाईन, पैसे नकोत. फक्त नावं नीट बघून छापा, मागच्या टूर्नामेंटला सेमीफायनलचा स्कोअरच उलटा छापून आला होता आणि हरलेल्या टीमच्या घरी पेढे वाटून झाले होते.

आपला नियमित वाचक,
एक जुना लेफ्ट बॅक,
लश्कर, ग्वाल्हेर