लेप्याचा उजवा डोळा

रत्नागिरी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

लेपा या तळाशी राहणाऱ्या चपट्या माशाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला कसे, हे तू विचारलेस. त्याचे उत्तर फोनवर उरकण्यासारखे नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

लेपा जन्मतः तसा नसतो. त्याचे अंडे मिलिमीटरहून लहान असते आणि पाण्यात तरंगते. त्यातून बाहेर पडणाऱ्या डिंभाला, म्हणजे अगदी कोवळ्या पिल्लाला, चारचौघा माशांसारखा दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो आणि तो उभाच पोहतो. पुढे अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या संप्रेरकामुळे (हार्मोनमुळे) रूपांतरण सुरू झाले, की कवटीची हाडे पिळवटत जातात, उजवा डोळा माथा ओलांडून डावीकडे येतो आणि पिल्लू तळाशी जाऊन उजव्या कुशीवर पडते. परवा जाळीतल्या प्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत, नेमका या अवस्थेतला एक डिंभ मिळाला. अंग काचेसारखे आरपार, पाठीच्या पराचे पुढचे किरण (पराला आधार देणाऱ्या काड्या) लांबच लांब, आणि उजवा डोळा अगदी माथ्याच्या कडेवर, इतका की डावीकडून पाहतानाही त्याची काळी कड सूक्ष्मदर्शकात स्पष्ट दिसत होती.

वर्गीकरणाची खरी गोम याच प्रवासात आहे. लेप्याच्या कुळात डोळे डावीकडे जातात, सोल माशांच्या कुळात उजवीकडे. भाकस हा चपटा मासा मात्र दोन्ही प्रकारचा सापडतो, त्याचा सरकलेला डोळा माथ्याच्या कडेपाशीच थांबतो आणि पाठीच्या पराला पुढे काटे असतात. ब्लॉख आणि श्नायडर या मत्स्यअभ्यासकांनी 1801 मध्ये वर्णिलेला हा मासा त्यामुळेच चपट्या माशांतली सर्वांत जुनी शाखा मानला जातो.

अर्धवट सरकलेल्या डोळ्याचा माशाला उपयोग काय, असा आक्षेप डार्विनचा टीकाकार जीवशास्त्रज्ञ मायव्हर्ट याने घेतला होता आणि डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या आपल्या ग्रंथाच्या 1872 च्या आवृत्तीत त्याला सविस्तर उत्तर दिले. मला त्याहून मोलाचा वाटतो तो 2008 मध्ये जीवाश्मतज्ज्ञ मॅट फ्रिडमनने मांडलेला पुरावा: इओसीन काळातील (सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या) अँफिस्टियम आणि हेटेरोनेक्टीस या माशांच्या जीवाश्मांत, पूर्ण वाढ झालेली असूनही, डोळा माथा ओलांडण्याआधीच थांबलेला आहे.

अलीकडे काही जनुकीय अभ्यासांनी भाकस आणि बाकीचे चपटे मासे एकाच पूर्वजाचे आहेत का, याबद्दलच शंका घेतली आहे. माझ्या मते केवळ जनुकांवरून हा निकाल लावू नये. दोघांच्या डिंभांची कवटी कशी पिळवटते, हे शेजारी शेजारी ठेवून पाहायला हवे. भाकसाचे डिंभ क्वचितच हाती लागतात, हीच मोठी अडचण आहे. तुझ्याकडच्या किनाऱ्यावरच्या नमुन्यांत एखादा आढळला, तर तो जपून ठेव आणि लगेच कळव.

तुझा,
अनंत